चादरीवरचा झेंडू

तोरणासाठी झेंडू खुडताना बोटांना तो उग्र वास लागला, की मला नाशिकच्या रुग्णालयातली एक दुपार आठवते. नव्वदच्या दशकात तिथं वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आकड्यांवर माझा भरवसा फार, त्यामुळे त्या दुपारी थर्मामीटरचा पारा खाली आलेला पाहून मी निर्धास्त झालो. वडील हसतमुखानं पडून होते आणि चादरीवरून दोन बोटांनी काहीतरी खुडून उशाशी टाकत होते. आमच्या मळ्यात झेंडू खुडतात, अगदी तसंच. "लय फुलं झाली, टोपली पुढं धर," ते म्हणाले. "आण्णा, आज मार्केट बंद हाय," मी हसून म्हणालो. शेजारच्या खाटेशी गोळी द्यायला आलेली सिस्टर मात्र थबकली. तिनं वडिलांचं मनगट धरलं, पण नजर ठेवली छातीवर. मग पावलांना हात लावून पाहिला. "कधीपासून खुडतायत?" "जेवणापासून. ताप उतरलाय ना, सिस्टर?" "उतरला नाही, भाऊ. अंग गार पडतंय, आणि हे खुडणंही चांगलं लक्षण नाही. श्वास बघा, कसा भराभर चाललाय!" तिनं ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना बोलावून घेतलं. जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. वडील थोडक्यात वाचले. घरी आल्यावर मी गमतीनं विचारलं, "त्या दिवशी टोपली मलाच धरायला सांगत होता ना?" "तुला कशाला? तुझी आई उभी होती की खाटेच्या पायथ्याशी," ते सहज म्हणाले. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. आजही घरात कुणी आजारी असलं, की थर्मामीटर लावण्याआधी मी त्याच्या बोटांकडे बघतो, आणि मग पायथ्याकडे.