धक्का कोणी दिला?

आमच्या आत्याला सगळे तोफ म्हणायचे. तिचं आयुष्य लाँड्रीतल्या यंत्रांच्या घरघरीत गेलं, त्यामुळे हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. ती कुणाच्या कानात काही कुजबुजली की पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर द्यायचा. लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी यायच्या. आत्या वाफेच्या इस्त्रीवर, आणि समोर चादरीची दोन टोकं धरायला तिची मुलगी, माझी आतेबहीण. तिला ऐकू येत नाही. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने जाड भिंगातून दिसतं. छातीवर लांबलचक टाक्यांचा वण आहे. मायलेकी दिवसभर हातवाऱ्यांनी गप्पा मारायच्या, आणि हातांनी बोलतानाही आत्या तोंडाने ओरडायचीच.

ही मुलगी पोटात असताना, अगदी सुरुवातीच्या दिवसांत, आत्याला बारीक ताप आला आणि अंगावर गुलाबी पुरळ उठलं. दोन-तीन दिवसांत गेलंही. सासू म्हणाली, उष्णता असेल. डॉक्टरांनी मात्र रक्त तपासलं आणि सांगितलं, हा रुबेला आहे, मोठ्या माणसाला किरकोळ, पण पोटातल्या बाळाचा काळ. मूल वाचलंच तर अधू निघेल, तेव्हा गर्भ पाडलेला बरा. आत्या खुर्चीतून उठलीच. "देवाने घडवायला घेतलंय. मध्येच त्याचा हात धरणारी मी कोण?"

चर्चमधल्या पुढच्या उपासनेत तिला उभं करून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मूल जन्मलं, आणि वर्षाच्या आत नवरा कामाच्या शोधात गेला तो गेलाच. मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा कौतुक करणाऱ्यांपैकी दोघी आल्या, फळं ठेवली आणि गेल्या. आत्याच्या रागाचं बी तिथलं. पण तिने चर्च सोडलं नाही. "देवाने माझं काय घोडं मारलंय? माणसांनी मारलंय," असं म्हणायची.

पुढे नवे पाळक आले. माणूस वाईट नव्हता. आजाऱ्यांकडे जायचा, म्हाताऱ्यांना हात धरून घरी पोचवायचा. गर्भातल्या जिवाबद्दल बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आईच्या पोटात असतानाच देव आपल्याला नावानिशी ओळखतो, हे तो सांगायचा. जुन्या करारातला एक नियमही सांगायचा: दोन पुरुष भांडत असताना गरोदर बाईला धक्का लागला आणि तिचं मूल गेलं, तर धक्का देणाऱ्याने भरपाई करायची. "बघा," तो म्हणायचा, "देवाच्या लेखी त्या जिवाला किती मोल आहे!" आत्या पहिल्या बाकावरून मोठ्याने आमेन म्हणायची.

मग एका रविवारी तो म्हणाला, रुबेलाची लस ज्या पेशींवर वाढवतात त्या एका पाडलेल्या गर्भाच्या आहेत. आपल्या मुलांना ती टोचणं म्हणजे त्या पापात वाटेकरी होणं. शाळेत ती लस टोचायची होती, तिला आयांनी लेखी नकार दिले.

आत्या मला घेऊन तडक हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी लपवाछपवी केली नाही. हो, म्हणाल्या, खरं आहे. फार वर्षांपूर्वीचा गर्भ. त्याच पेशी वाढवत आणल्या आहेत, त्यासाठी पुन्हा कोणाला पाडावं लागत नाही. आणि गरोदर बाईला ही लस देता येत नाही, म्हणून भोवतालच्यांनी घ्यायची. आत्या बराच वेळ गप्प बसली. ती गप्प बसल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "त्या लेकराचं वाईट झालं. मी असते तर होऊ दिलं नसतं. पण त्याच्यासाठी रडायचं म्हणून दुसऱ्या लेकरांना मरू द्यायचं? हा कुठला हिशोब?"

तिने पाळकांना चर्चच्या दारातच गाठून हेच ऐकवलं, वर म्हणाली, मला रुबेला झालाच नसता तर बरं होतं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, वाईट मार्गाने आलेलं चांगलं आपल्याला नको. आणि एक विचारू? रुबेला झाला नसता तर बरं, असं म्हणताना तुमची ही मुलगी जशी आहे तशी नको होती, असंच नाही का होत?"

आत्याचा चेहरा लालभडक झाला. आतेबहिणीने तिचा दंड हलवला. काय म्हणाले ते? आत्या सांगेना. तिने पुन्हा हलवला, तेव्हा आत्याने हातांनी सांगितलं. आतेबहीण पाळकांकडे वळली आणि तिचे हात भराभर चालले. आत्याने ते भर दारात, तोफेच्या आवाजात बोलून दाखवलं: "ती म्हणते, मी जन्मल्याबद्दल माझी तक्रार नाही. छाती फाडली त्याबद्दल आहे. तुमच्या मुलीची फाडू का, विचार म्हणते!"

पाळक आत गेले.

त्याच मोसमात संडे स्कूलमधल्या एका पोराच्या मानेवर आत्याला गुलाबी पुरळ दिसलं. तो वर्ग शिकवणारी टीचर नुकतीच लग्न झालेली होती, तिला दिवस गेले होते. लहानपणी तिला ती लस मिळाली नव्हती. आत्याने तिला वर्गातून हाताला धरून बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. काही आठवड्यांत टीचरला ताप आला, पुरळ आलं, आणि चौथा महिना लागता लागता मूल गेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट तिच्या नवऱ्याच्या हातात दिला: रुबेलाच होता.

रविवारी पाळकांनी प्रार्थनेत एवढंच म्हटलं: आपल्या एका भगिनीला दुःख झालं आहे, प्रभूची इच्छा आपल्याला कळत नाही. आणि गाण्याचा नंबर सांगितला.

आत्या उभी राहिली.

"गाणं थांबवा. प्रभूची इच्छा म्हणू नका, प्रभूच्या नावावर खपवू नका. गर्भातला जीव म्हणजे पुरा माणूस, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग इथे एक माणूस मेलाय. घंटा कुठे वाजली? शवपेटी कुठे आहे? की पाडलेलं मूलच तेवढं माणूस, आणि आजाराने गेलेलं नुसतं दुःख?"

कोणीतरी म्हणालं, "बसा हो आत्याबाई."

"नाही बसत! त्या नियमात काय होतं, पाळकसाहेब? भांडण पुरुषांचं, धक्का गरोदर बाईला. तुमचं भांडण होतं डॉक्टरांशी, सरकारशी, कुणाकुणाशी. मध्ये ही पोर उभी होती. सांगा, धक्का कोणी दिला?"

टीचर मागच्या बाकावर नवऱ्याच्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती. तिचा हुंदका सगळ्यांना ऐकू आला. पाळकांनी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलने गेलेल्या बाळाचं चिमुकलं गाठोडं आई-वडिलांच्या ताब्यात दिलं. आतेबहिणीने त्याला गुंडाळायला लाँड्रीतल्या जुन्या मऊ चादरीचा तुकडा कडेने शिवून आणला होता. पाळक आले. दफनाचा पूर्ण विधी केला, एक वाक्यही गाळलं नाही. शेवटी ते टीचरसमोर जाऊन म्हणाले, "मला क्षमा करा." टीचर नवऱ्याचा हात धरून फाटकाकडे चालू लागली. क्षमा करावी असं तिच्यावर बंधनही नव्हतं.

मला वाटलं, आता आत्या निवळेल. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "आत्या, त्यांनी क्षमा मागितली ना?"

"मागितली. मग? मूल आलं का परत?"

पाळकांनी आपलं म्हणणं पुरतं सोडलं नाही. त्या लसीबद्दल मन खातंच, असं ते अजून म्हणतात. पण व्यासपीठावरून त्यांनी सांगितलं की मुलांना टोचणं पाप नाही, आणि मी तसं म्हणालो ती माझी चूक. बऱ्याच आया मुलांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. काही चर्च सोडून दुसरीकडे गेल्या, जिथे अजून जुनंच सांगतात. त्यांतल्या दोघी आत्याशी बोलत नाहीत. आत्या मात्र त्यांना रस्त्यात गाठून, त्यांच्या तोंडावर, लांबच्या दुकानदारालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "टोचलं का पोराला?"