एकाच बाकावर

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात तुम्ही मला एक व्हिडिओ पाठवलात आणि विचारलंत, "आजी, ही आपली काकू आहे ना? एवढी माणसं तिच्यावर का ओरडताहेत?" गावातल्याच कोणीतरी काढलेला तो तुकडा फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचला, याचं मला नवल वाटलं. त्यात गर्दी दिसते, गलका ऐकू येतो आणि आपल्या घराच्या पायरीवर काकू उभी दिसते. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते त्यात नाही. मी तिथे होते. फोनवर सांगायला बसले की तुम्ही मधेच प्रश्न विचारता आणि माझा क्रम चुकतो, म्हणून लिहून पाठवते आहे. इंग्रजीतही लिहिता आलं असतं, पण आपल्या गावची माणसं इंग्रजीत बोलायला लागली की मलाच ती ओळखू येत नाहीत. अडेल तिथे तुमची आई वाचून दाखवेल.

तुमची काकू, म्हणजे माझ्या पुतण्याची बायको, आपल्या गावची पोलीस पाटील आहे. म्हणजे काय, हे कळायला आधी पोलीस खातं कसं रचलेलं आहे ते कळलं पाहिजे. ते मला लहानपणापासून माहीत आहे, कारण माझे वडील साताऱ्यात याच खात्यात होते. शिपाई म्हणून लागले; नाईक, हवालदार, जमादार करत करत फौजदार होऊन निवृत्त झाले. आमच्या घरी पाढ्यांच्या आधी हुद्दे पाठ होते. सगळ्यात वर मुंबईत बसणारे महासंचालक. त्यांच्याखाली परिक्षेत्रं, सातारा आणि सांगली ही दोन्ही कोल्हापूरच्या परिक्षेत्रात येतात. प्रत्येक जिल्ह्याला एक अधीक्षक, जिल्ह्याचे उपविभाग, उपविभागात ठाणी, ठाण्यावर निरीक्षक. ठाण्याच्या हद्दीचेही तुकडे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि बीट सांभाळतो एक हवालदार. मोठ्या शहरांत अधीक्षकाच्या जागी आयुक्त असतो, एवढा फरक. वडिलांच्या वेळचं नाईक हे पद अलीकडेच काढून टाकलं. ते असते तर म्हणाले असते, "माझ्या आयुष्याची काही वर्षं सरकारनं रद्द केली!"

त्यांच्या तरुणपणी तर हे इतकंही सरळ नव्हतं. इंग्रजांचा सातारा जिल्हा, मधेच औंध संस्थान, पलीकडे सांगली संस्थान, आणि ज्याचा त्याचा पोलीस वेगळा. एखादा चोर ओढा ओलांडून औंधच्या हद्दीत गेला, की हे अलीकडच्या काठावर उभे आणि तो पलीकडे निवांत तंबाखू मळतोय, असं ते रंगवून सांगत. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली, एका जिल्ह्याचे दोन झाले, आणि सगळ्यांच्या अंगावर एकच गणवेश आला.

या सगळ्या उतरंडीत पोलीस पाटील कुठे बसतो? कुठेच नाही. स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड रचताना तळाशी कापडाची चुंबळ ठेवतात ना, तसं त्याचं आहे. चुंबळ मडक्यांत मोजत नाहीत, पण ती सरकली तर सगळं कलंडतं. पोलीस पाटलाला गणवेश नाही, हत्यार नाही, पगार नाही, थोडं मानधन मिळतं. गावात कोणी परकं आलं, भांडण पेटायला लागलं, बेवारस प्रेत सापडलं, तर ठाण्याला खबर द्यायची आणि पोलीस येईपर्यंत सगळं जिथल्या तिथे सांभाळायचं. त्याला नेमतात प्रांत, म्हणजे महसूल खात्याचे उपविभागीय अधिकारी, आणि राबवून घेतं ठाणं. पूर्वी हे काम वंशपरंपरेनं चालायचं. मी लग्न होऊन इस्लामपूरजवळच्या या गावात आले, त्याच्या काही वर्षं आधी कायद्यानं वतन गेलं होतं, आणि माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, रीतसर नेमलेले पोलीस पाटील झाले होते.

त्यांचं एक बाक होतं. सागवानी, लांब, पाठ नसलेलं. नवीन सून म्हणून मी आतून बघायची. कोणी कोणाची तक्रार घेऊन आला की सासरे त्याला उभ्यानं बोलू देत नसत. ज्याच्यावर आळ असेल त्यालाही बोलावून घेत आणि दोघांना त्याच बाकावर शेजारी शेजारी बसवत. मग अडकित्त्यानं सुपारी कातरत बसत. बराच वेळ कोणीच बोलायचं नाही. मग म्हणत, "हं, आता सांग. आधी काय झालं, मग काय झालं." आणि दुसरा नियम असा, की त्या बाकावर बसलेल्या माणसाला गावातल्या कोणी हात लावायचा नाही. मग तो कोणीही असो.

माझे वडील एकदा मला भेटायला आले असताना त्यांनी हे पाहिलं. खात्यातला माणूस, त्यांना राहवेना. म्हणाले, "पाटील, आमच्या ठाण्यात फिर्यादी आणि आरोपी असे शेजारी बसवले, तर आमच्या डोळ्यांदेखत मारामारी होईल."

सासरे म्हणाले, "आवं सायेब, मारामारी उभ्यानं हुती. बसल्यावर माणसाला उठायचा कंटाळा येतो."

वडील इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

सासरे गेले. पद गावातल्या इतर घरांत गेलं. जुनं घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं, आणि बाक मागच्या शेडमध्ये पेंडीची पोती ठेवायला गेलं. मग दीड-दोन वर्षांपूर्वी आपल्या गावची जागा महिलेसाठी राखीव झाली. तुमच्या काकूनं अर्ज केला, लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि पहिली आली. अभ्यासाला ती माझ्याजवळ बसायची. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात, आणि ती मला, चुलतसासूलाही, तेच म्हणते. पुस्तकातली पोलीस पाटलाची कर्तव्यं मी तिच्याकडून म्हणून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "आत्या, ह्यात बाकाचं कुटं न्हाई वो." नेमणुकीचं पत्र आलं त्याच दिवशी तिनं बाक शेडमधून काढलं, घासलं आणि पुढच्या पडवीत ठेवलं.

पण तिच्याकडे कोणी यायचं नाही. जो तो तुमच्या काकाकडे जायचा. ठाण्यातले फोनही त्यालाच. तोही बिचारा वाईट नाही, पण त्याला त्यात गंमत वाटायला लागली होती. साखर कारखान्यात पाळी करून आला की, "आमच्या गावात काय चाललंय बघून येतो," म्हणून बाहेर पडायचा. एकदा काकू म्हणाली, "तुमी पाटील आन् मी कोण?" तर हा म्हणतो, "तू पाटलीण हायसच की!" तिनं त्या रात्री त्याला आमटीत मीठच घातलं नाही. त्यानं ती तशीच संपवली.

आता त्या दिवसाचं.

थंडी नुकती पडायला लागली होती, ऊस तोडणी जोरात होती. दुपारी दोन परप्रांतीय माणसं मोटारसायकलवर ब्लँकेटचे गठ्ठे बांधून विकायला आली. तशी दर वर्षी कोणी ना कोणी येतात. मात्र त्याच दिवसांत आपल्या भागात सगळ्यांच्या फोनवर एक संदेश फिरत होता, की मुलं पळवणारी टोळी आली आहे, ब्लँकेट विकायच्या निमित्तानं घरं हेरते. कोणी पाठवला, कुठे काय झालं, काही पत्ता नाही. मलाही आला होता. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर.

खालच्या आळीत एक आजी नातवाला घेऊन ओट्यावर बसली होती. तिनं एकदम आरडाओरडा केला, "पोरगं उचाललं, पोरगं उचाललं!" झालं. शेतातून, दुकानातून माणसं धावली. त्या दोघांना घेरलं, गाडी पाडली, ब्लँकेटं रस्त्यावर. कोणीतरी एकाची कॉलर धरली.

तुमचा काका नुकताच पाळीवरून आला होता. "तू थांब गं, मी बघतो," म्हणून धावला. काकूनं ठाण्याला फोन केला. तिकडून सांगितलं, गाडी निघते आहे. पण इस्लामपूरचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला, म्हणजे कधी पोचेल याचा नेम नाही. चपला घालून तीही निघाली. जाताना मला म्हणाली, "आत्या, बाक मोकळं करा."

बाकावर वाळत घातलेल्या शेंगा होत्या. त्या मी सुपात भरल्या आणि दारात उभी राहिले. दूर कुठेकुठे अशा गर्दीनं माणसं मारून टाकलेली मी पेपरात वाचली होती.

तिकडे काकाचं कोणी ऐकलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. तो सगळ्यांचा मित्र. मित्राचं गर्दीत कोण ऐकतं? काकू मात्र थेट आत शिरली, त्या दोघांच्या मनगटांना धरलं आणि चालायला लागली. बाईमाणसाला धक्का कसा मारायचा, म्हणून माणसं बाजूला झाली आणि मागोमाग आली. तिनं त्यांना पडवीत आणून बाकावर बसवलं. एकाच्या ओठातून रक्त येत होतं. मी पाणी दिलं, तर त्याच्या हातातून तांब्या सांडला. मग ती वळून पायरीवर उभी राहिली. तुमच्या व्हिडिओत दिसते ती ही वेळ.

"त्यास्नी भाईर काढा!" एकजण ओरडला.

"काढत न्हाई. बाकावर बसल्यात ती."

"आता च्या बी पाजणार का चोरास्नी?"

"पाजणार. तुला बी पाजती. फकस्त वर यिऊन बस. ज्यानं बघितलंय त्यानं यावं, ह्यांच्या शेजारी बसावं आन् सांगावं, आधी काय झालं, मग काय झालं."

कोणी हललं नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ती एकेकाला विचारू लागली, "तू बघितलंस? तू? तुला कुणी सांगितलं?" ह्यानं त्याच्याकडून ऐकलेलं, त्यानं फोनवर वाचलेलं. तेवढ्यात गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली आणि पोरांना म्हणाला, "आरं मागं सरा की. त्या बाकावरच्याला हात लावत नसत्यात. माझा बाप बसलाय त्याच्यावर." पुढची पोरं खरोखरच एक पायरी उतरली.

मग काकूनं त्या आजीला वर बोलावलं. ती पदर तोंडात धरून आली आणि बाकाच्या टोकाला बसली. शेजारी तो रक्ताळलेला माणूस. काकू तिच्यासमोर खाली बसली.

"मावशी, पोरगं कुटं हुतं?"

"गाडीजवळ."

"काय करत हुतं?"

"ते... त्या धुराच्या नळकांड्याला हात लावाय गेलं."

"गरम हुतं का?"

"व्हय. आत्ताच आलती न्हवं गाडी."

"मग ह्यानं काय केलं?"

"उचाललं की!"

"उचलून कुटं ठेवलं?"

आजीनं त्या माणसाकडे पहिल्यांदाच वळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ओट्यावर."

"कुणाच्या?"

"आमच्याच."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एकजण. आजी रडायला लागली आणि त्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, मी भ्याले रं." त्याला मराठी कळत नव्हतं, पण त्यानं मान हलवली. मी आत जाऊन चहा ठेवला. चहा येईपर्यंत निम्मी गर्दी पांगली होती, आणि ज्यानं कॉलर धरली होती तोच पोरगा रस्त्यावरची ब्लँकेटं झटकून घडी घालत होता, कोणाकडे न बघता.

पोलिसांची गाडी आली तेव्हा सगळे चहा पीत होते. आपल्या बीटचे हवालदार आणि त्यांच्याबरोबर एक तरुण महिला फौजदार. हवालदार सवयीनं तुमच्या काकाकडे गेले. "बोला पाटील, काय विषय?"

काकाच्या हातात कप होता. तो म्हणाला, "पाटील तिकडं हायत. ह्या." आणि कपानंच काकूकडे खूण केली. चहा त्याच्या शर्टावर सांडला.

त्या दोघांना दवाखान्यात नेलं, त्यांचा जबाब झाला, मारणाऱ्यांवर रीतसर कारवाई झाली. त्यात आपल्या भावकीतलाही एक होता. काकूनं त्याचं नाव लपवलं नाही, म्हणून ते घर अजून आपल्याशी बोलत नाही. बोलतील, नाही तर नाही. ठाण्याचे फोन आता तिच्या नंबरवर येतात. काका अधूनमधून म्हणतो, "कुणी आमालाबी इचारत जा गड्यानू," पण त्याच्या आमटीत मीठ असतं.

तुम्ही विचारलंत ते हे. तुमच्या पणजोबांचं घर आता नाही, त्यांचं वतन नाही, माझ्या वडिलांच्या हुद्द्यांतलाही एक गेला. बाक पुढच्या पडवीत आहे. त्यावर बसलेल्या माणसाला या गावात अजून कोणी हात लावत नाही.