तेवीसांतले चौदा

चिदंबरराव कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क. एकोणीसशे अकरा साली ते याच कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कप्तान होते आणि ही गोष्ट त्यांनी तंजावुरात कुणाला विसरू दिली नव्हती. सव्वीस वर्षांनी कॉलेजनं ठरवलं, आजवरच्या सर्वांत चांगल्या खेळाडूचं नाव फळ्यावर सोनेरी अक्षरांत लिहायचं. एकच नाव. जुन्या सामन्यांची वही मोडी लिपीत, आणि मोडी वाचणारे कचेरीत एकटे चिदंबरराव. तेव्हा तुलनेचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

यंदाच्या संघातल्या राजगोपालचे गोल एकतीस, पण सामने बावीस आणि पायांत बूट. चिदंबररावांचे तेवीस, सामने अवघे नऊ, तेही अनवाणी. सामन्यामागे गोल काढले तर राजगोपालचे दीडही भरेनात, यांचे अडीच! अंबुजाबाईंनी नवऱ्याचं नाव लागणार म्हणून गल्लीभर सांगून टाकलं.

पण वहीतली गोम चिदंबररावांनाच ठाऊक होती. त्यांचे आजोबा-पणजोबा राजवाड्याच्या दप्तरात. तिथली रीत अशी की काम शिपायानं करावं आणि नाव सरदाराचं लागावं. सामन्यांची वही कप्तानानंच लिहायची. एकोणीस वर्षांच्या या कप्तानानं घरची रीत तिथंही चालवली: गोल कुणीही मारो, नाव आपलं. तेवीसांतले चौदा डाव्या बाजूला खेळणाऱ्या शेषाद्रीचे होते. बिचारा कधी चकार शब्द बोलला नाही. आता चौदाला नवानं भागलं तर दीडाहून जास्त येत होते. म्हणजे फळ्यावर नाव हवं शेषाद्रीचं.

तीन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. लिहिणारे तेच, वाचणारेही तेच. गप्प बसले असते तर कोण विचारणार होतं? चौथ्या दिवशी त्यांनी तेवीस खोडून नऊ केले, चौदा शेषाद्रीच्या नावे लिहिले, खाली सही केली आणि वही प्रिन्सिपॉलसाहेबांपुढे ठेवून सगळं सांगितलं.

"तेव्हा खोटं लिहिलंत, तर आजचं खरं कशावरून?" साहेब म्हणाले. पान बाद झालं. फळ्यावर राजगोपाल चढला. तेलही गेलं, तूपही गेलं!

निदान शेषाद्रीनं तरी पान पाहावं, म्हणून रविवारी चिदंबरराव वही घेऊन रेल्वेनं पापनाशमला गेले. शेषाद्री तिथं शाळामास्तर. त्यानं ओसरीवर बसून, चष्मा लावून सगळं पान सावकाश वाचलं.

"माझं चुकलं रे," चिदंबरराव म्हणाले.

"अय्यो, चिदंबरा, इतक्या वर्षांनी! सरी, असो, लिहिलास ते बरं केलास. पण चौदा नव्हे, पंधरा. कुंभकोणमच्या सामन्यातला शेवटचा, डोक्यानं घातलेला. तोही माझाच."

चिदंबररावांचा चेहरा उतरला. तो गोल त्यांनी लग्न झाल्यावर अंबुजाबाईंना सांगितला होता, मग दर पोंगलला मुलांना. सांगता सांगता तो त्यांचाच झाला होता. ते बराच वेळ आठवत बसले. चेंडू उजवीकडून आला होता, डोकं शेषाद्रीचं होतं, आणि ते स्वतः मागे चिखलात पडलेले होते.

"घरात दौत आहे का रे?" त्यांनी विचारलं.

शेषाद्रीनं दौत आणली. चिदंबररावांनी आपल्या नावापुढच्या नवाचे आठ केले.