देवानं अजून कौल दिलेला नाही

आईच्या माहेरच्या देवाला चांदीचा मुखवटा चढला आणि देव एकदम बोलका झाला.

आईचं माहेर रोह्याच्या पलीकडे, कुंडलिकेच्या अंगाला. तिथल्या देवाला कौल लावायची पद्धत जुनी आहे. गुरव तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाला चिकटवतो, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. मग विचारणाऱ्याचा प्रश्न देवापुढे मांडतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही पडली नाही तर देव गप्प आहे असं समजून घरी जायचं आणि पुन्हा कधीतरी यायचं. देव म्हणजे काळा खडबडीत दगड. त्याच्यावर कळी चिकटली की चिकटलीच. माझ्या लहानपणी कौलाला आलेली माणसं सभामंडपात जेवून, एक डुलकी काढून उठायची, तरी कळ्या जागच्या जागी असायच्या.

पुढे गावातल्या आखातात गेलेल्या आणि कंपन्यांत लागलेल्या पोरांनी वर्गणी काढून देवाला मुखवटा केला. तो गुळगुळीत, त्यात किंचित उजवीकडे कललेला. कळी लावून गुरवानं हात मागे घ्यायचा अवकाश, उजवी खाली. नोकरी लागेल का? उजवी. लग्न जमेल का? उजवी. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन विचारलं, दोघांनाही उजवी मिळाली आणि दोघेही पेढे वाटून मोकळे झाले. गावात कोणाला यात काही खटकलं नाही. देव पावतोय म्हटल्यावर कोण कशाला खोलात शिरतंय!

आईनं मात्र त्या मुखवट्यावर कळी लावायला साफ नकार दिला.

तिला विचारायचं होतं ते बाबांबद्दल. बाबा एसटीत कंडक्टर होते, पेण-रोहा मार्गावर त्यांची हयात गेली. तिकीट देता देता ते माणसाची सगळी खबर काढत आणि दुसऱ्याची देत. निवृत्त झाल्यावर बस गेली, पण तोंड चालूच राहिलं. पेणच्या रामवाडीतल्या आमच्या घराच्या पायरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत. पोस्टमन आमच्याकडे पत्र नसलं तरी थांबायचा. आई दिवसातून दहा वेळा म्हणायची, "अहो, जरा गप्प बसा की." ते तिला म्हणायचे, "बसतो हो," आणि पुढचं सांगायला लागायचे.

एका पावसाळ्यात सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप निसटला. मी ओरडले, त्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. पनवेलला नेलं, जीव वाचला. उजवा हात-पाय अधू झाला आणि वाचा गेली. त्यांना कळतं सगळं. तोंडातून निघतं फक्त "ब, ब".

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलणं येईलही, येणारही नाही, रोज सराव घ्या. मी चित्रांची कार्डं आणली. कप, गाय, घर. बाबांनी चार दिवस घाम गाळला आणि पाचव्या दिवशी गाय भिरकावून दिली. मी त्यांच्यावर चिडले, मग मलाच रडू आलं.

मी कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्ट करते. सॅम्पल आलं की ठरल्या वेळात रिपोर्ट द्यायचा, ही माझी सवय. देवाकडेही मी तशीच बघत होते. संकष्टी धरली, गोड सोडलं. पेणमध्ये राहून गणपतीला टाळता येत नाही, गल्लीगल्लीत तो वाळत ठेवलेला असतो. कामावर जाता-येता मी दिसेल त्या मूर्तीला मनातल्या मनात सुनावायची, की इतक्या लोकांच्या घरी जाणार आहेस, आधी माझं बघ. त्यानं काही बघितलं नाही. वर्षभरानं मी संकष्टी सोडली आणि गोड खायला लागले. मला देवाचा राग आला होता आणि तो मी लपवलाही नाही.

आई भांडली नाही. ती फक्त महिन्यातल्या एका सोमवारी माहेरी जायची. सोमवारी सकाळी अभिषेकासाठी मुखवटा उतरवतात. तो परत चढायच्या आत तिला तिथे पोचायचं असे. माझी सुट्टी जुळवून घेऊन मी सोबत जायची, कारण तिचे गुडघे दुखतात. बाबांजवळ शेजारच्या चाची बसायच्या. त्यांचा नवरा कुवेतला. त्या बाबांना म्हणायच्या, "भाईसाब, तुमी बोलू नका, मी बोलते," आणि खरंच बोलायच्या.

पेणहून गाडीनं रोहा, पुढे रिक्षा. गाभाऱ्यात फक्त विचारणारा आणि गुरव, अशी तिथली रीत. मी बाहेर कट्ट्यावर मोबाईल बघत बसायची. दारातली गुरवकाकांची कुरकुर तेवढी ऐकू यायची, आतलं गाऱ्हाणं बाहेर पोचत नसे.

"अगो बाय, सगला गाव चांदीला इचारतो. तुला दगडच कशाला हवा?"

"मला त्योच हवा, काका," आई म्हणायची. माहेरी गेली की तिची भाषा आपोआप माहेरची होते.

बऱ्याच वेळानं आई बाहेर येऊन चपला शोधायची. मी विचारायची, "काय?" ती म्हणायची, "काय नाय. गप्प हाय."

असे दोन पावसाळे गेले. एकदा परतताना गाडीत माझा तोल सुटला. मी म्हटलं, "आई, इतके महिने तो बोलत नाही म्हणजे नाहीच म्हणतोय. तुला कळत कसं नाही?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाही म्हणायचं असतं तर डावी पडली असती. डावी कुठे पडलीय?"

"मग चांदीला विचार. लगेच उजवी देईल. निदान तुझ्या जिवाला बरं वाटेल."

"लगेच ऐकलेलं नको गं मला," ती म्हणाली. "एकदा लगेच ऐकलंय त्यानं. तेवढं पुरे झालं."

बाई दमल्येय, काहीही बोलतेय, असं मी मनात म्हटलं आणि विषय सोडला. घरीही ती हल्ली फार बोलत नसे. बाबांची वाचा गेली त्याबरोबर तिचीही अर्धी गेली होती. ती त्यांना भरवायची, पुसायची, औषध द्यायची, सगळं न बोलता. आमच्या घरात फक्त टीव्ही बोलायचा.

या माघात चाची लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. बाबांजवळ बसायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, हा महिना राहू दे. आईला ते पटेना. शेवटी बाबांनाच घेऊन निघालो. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला काठी. गाडीत त्यांना जुने दोन प्रवासी भेटले. त्यांनी हात धरला तेव्हा बाबांचे डोळे भरून आले आणि ते "ब, ब" करत राहिले.

देवळात आई म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर बसा. मी आले."

पण गुरवकाकांनी बाबांना बघितलं होतं. "गावचा जावय हाय त्यो! भायेर कट्ट्यावर बसवतेस? आणा, आत आणा."

आई नको नको म्हणत होती. काकांनी ऐकलं नाही. बाबांना एकट्यानं उभं राहता येत नाही, म्हणून त्यांना धरून मीही आत गेले. मुखवटा उतरवून पाटावर ठेवला होता. दगड ओला होता. काकांनी दोन कळ्या बुडवून लावल्या, हात जोडले, आणि महिन्याच्या महिन्याला सांगून सांगून पाठ झालेलं गाऱ्हाणं घडाघडा सुरू केलं. आईनं "काका, थांबा" म्हणेपर्यंत ते निम्म्यावर पोचले होते.

"देवा म्हाराजा, तुझी ही लेक दर टायमाला इचारते तांच इचारते. माझ्या घोवाचा तोंड एकदा बंद कर, असा ती तुझ्यासमोर बोलली. तू ता ऐकलंस. तिचा ता बोलना तू माघारी घेतलास का नाय? घेतला असशील तर उजवी दे."

मला ते आठवलं. पालखीचा दिवस होता. परतायची गाडी चुकत होती आणि बाबा सभामंडपात कोणाला तरी काहीतरी सांगतच होते. आईनं वैतागून देवाकडे वळून हात जोडले आणि म्हणाली, "देवा, यांचं तोंड एकदा बंद कर रे बाबा." सगळे हसले होते. बाबा सगळ्यात मोठ्यानं हसले होते. मीही हसले होते आणि विसरून गेले होते. त्याच पावसाळ्यात तो कप निसटला.

आईनं पदर तोंडावर घेतला होता. बाबांकडे बघायची तिची हिंमत होईना. इतके दिवस हे एकटीनं मनात ठेवून ती या गाडीनं येत-जात होती, आणि मी तिला चांदीचा सोपा उपाय सांगत होते.

बाबा आधी काकांकडे बघत राहिले, मग दगडाकडे, मग आईकडे. त्यांना समजायला जरा वेळ लागतो. समजलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मी त्यांना घट्ट धरलं. ते हसत होते. वाकड्या झालेल्या तोंडानं, आवाज काढून, अगदी पालखीच्या दिवशी हसले होते तसे. त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि डाव्या हातानं आईचा पदर तोंडावरून खाली ओढला. तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली. काय वेडी आहेस, असं म्हणायला एरवी त्यांना दहा वाक्यं लागली असती.

आई रडली. खूप रडली. गुरवकाका कावरेबावरे झाले होते, त्यांना आपलं काय चुकलं ते कळेना. आम्ही कळ्यांकडे बघत उभे राहिलो. दोन्ही जागेवर होत्या.

"अजून नाय गो बाय," काका हळूच म्हणाले. "फुडच्या टायमाला तांच इचारू?"

आईनं नाक पुसलं. "नको. त्याचं उत्तर मिळालं मला. आता एवढंच इचारा, ह्ये बोलतील काय." ती वळली आणि पुन्हा मागे फिरून म्हणाली, "आन् त्याला सांगा, मला घाई नाय."

दुपारच्या गाडीत जागा मिळाली. रोहा सुटलं तशी आई बोलायला लागली. माहेरच्या विहिरीचं, भावजयीच्या नव्या मिक्सरचं, यंदाच्या वालाचं, चाचींच्या लेकीला मुलगा होईल की मुलगी त्याचं. दोन वर्षांचं साठलेलं ती बाबांना सांगत होती आणि बाबा मान हलवत होते. निडी गेलं, नागोठणं आलं, तिचं थांबेना. मी समोर बसून ऐकत होते. बाबांनी डावा हात वर केला, बोट ओठांवर ठेवलं आणि डोळे वटारून तिच्याकडे बघितलं.

आई एकदम थांबली.

"बसते हो," ती म्हणाली, आणि पेण येईपर्यंत बोलत राहिली.