आधी तुम्ही

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात फिरायला आम्ही दोघांनी दिवसभरासाठी गाडी केली होती. चालवणारा आणि दाखवणारा एकच, साठीचा इयन. रस्ता जेमतेम एका गाडीचा. मध्ये मध्ये बाजूला थांबायला जागा ठेवलेली. समोरून गाडी दिसली की इयन लांबूनच तिथे थांबायचा. समोरचा हात वर करून जायचा, इयनही स्टिअरिंगवरचं बोट उचलायचा. दर वेळी, न चुकता.

माझा जीव मात्र खालीवर होत होता. अजून किल्ला राहिला होता, तळं राहिलं होतं. एकदा तर समोरचाही थांबला आणि दोघं एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणून खुणावत बसले.

"ओळखीचा आहे का?" मी वैतागून विचारलं.

"नाही," इयन म्हणाला. "का?"

पुण्यात मी कुणाला वाट द्यायला थांबलो, तर मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. म्हणून मी थांबतच नाही. इथे मागे चिटपाखरू नव्हतं. ओले डोंगर आणि मेंढ्या. तरीही माझ्या मागे कुणीतरी हॉर्न वाजवतच होतं. त्याला मी घरून बरोबर घेऊन आलो होतो.

पुढच्या वळणावर गाडी पुन्हा थांबली. मी घड्याळ पाहिलं. मान वर केली तोवर समोरची लाल गाडी निघूनही गेली होती. मागच्या सीटवर माझी बायको सुमा अजून हात वर धरून बसली होती.

"किती गोड हसली रे ती म्हातारी! पाहिलंस ना?"

"हो," मी म्हणालो.