तांब्यावर घेतलेला आळ

हे मी कुणाजवळच बोललो नाही — बायकोच्या फोटोसमोरसुद्धा नाही. चौथी शिकलेला माणूस मी, लिहिणं माझं काम नव्हे. पण गप्प बसणंही आता जमेना.

मी नाशिकचा तांबट. हात चालेनासे झाले तसा जयपूरला मुलाकडे आलो. मुलगा फौजेत, घर खातीपुऱ्याला. सून मेघना सीतापुऱ्याच्या एका कॉलेजात ग्राफीन बनवते. म्हणजे काय? तिनंच समजावलं — तांब्याचा कागदासारखा पत्रा भट्टीतल्या नळीत ठेवायचा, तापवून गॅस सोडायचा, की पत्र्यावर कार्बनचा थर धरतो. काजळीच्याच जातीचा, पण अणूएवढा पातळ. "बाबा, आपण दोघंही तांबटच की!" म्हणायची. मला केवढं बरं वाटायचं!

एकदा तिनं तसा एक पत्रा घरी आणला, मुद्दाम मला दाखवायला. आजवरचा सगळ्यात चांगला जमलेला. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजातल्या तिच्या साहेबांसमोर तापवायचा होता — थर अखंड असला तर खालचं तांबं काळं पडत नाही. "हात नका लावू हं," एवढंच म्हणाली.

सकाळी ती डबा भरत होती. डबीतला पत्रा मला मळकट दिसला. तांबटाच्या घरातून असलं तांबं बाहेर जाणार? — चिंच-मीठ घेतलं, अंगठ्यानं हळूच घासलं, धुतलं, पुसलं, परत डबीत ठेवलं. कसं लखलखत होतं! तिला शोभेल असं.

संध्याकाळी ती आली ती पायरीवरच बसली. "सगळा काळा पडला, बाबा."

तेव्हा मला कळलं. नखात अजून चिंच होती. सांगायचं ना? नाही सांगितलं. जन्म तांब्यात घालवलेला मी — मी तांबं बिघडवलं म्हणू? कसं म्हणू? तेवढ्यात तिनंच विचारलं, "पत्र्यातच खोट असेल का हो?"

मी म्हणालो, "असेल."

साहेब आधीच कंटाळलेले. त्यात माझा शब्द. तिनं ती रीतच सोडली. आता ग्राफाइटची पूड पाण्यात घुसळून थर सुटे करते. निघतात — पण बारीक तुकडे. तसा अखंड थर पुन्हा नाही. परवा फोनवर आईला सांगत होती, "आमच्या बाबांनीच खोट ओळखली, त्यांना तांब्यातलं सगळं कळतं." किती कौतुकानं सांगत होती!

रोज सकाळी ती मला तांब्याच्या भांड्यातून पाणी देते. मी पितो.

त्या पत्र्यात खोट नव्हती. ते मला तेव्हाही माहीत होतं.