अंदाजे पन्नास

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांकडे, म्हणजे भाऊजींकडे, एक मोटारसायकल होती. कामठीच्या छावणीत लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव व्हायचा, त्यात त्यांनी ती घेतली होती. रंग लष्करी हिरवा, आवाज ट्रकचा आणि वेग सायकलचा. हे सत्तरच्या दशकातलं नागपूर. रस्ते रुंद, वाहनं कमी, त्यामुळे कोणाची गाडी कशी चालते हे सगळ्यांना माहीत असायचं. भाऊजींची गाडी धरमपेठेपासून सदरपर्यंत ओळखीची होती. सदरच्या चौकातला वाहतूक हवालदार ती दुरून दिसली की हात दाखवून थांबवायचा नाही. ती चौकात पोचेपर्यंत दुसऱ्या बाजूची वाहनं निघून जातील, असा त्याचा हिशेब होता. तो सहसा बरोबर यायचा.

भाऊजी सदरमधल्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर त्यांनी दर रविवारी अंगणात इंजिन उघडायला सुरुवात केली. सीताबर्डीच्या एका कारखान्यातून सिलिंडर बोअर करून आणला, पिस्टन नवा घातला, कार्बोरेटर रॉकेलनं धुतला. दिवाळीनंतर त्यांनी जाहीर केलं की गाडी आता पळते. कोणी विश्वास ठेवला नाही. वेगाचा काटा लष्करातूनच मोडून आला होता, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं.

ताईला अंगण मोकळं हवं होतं. बेसा तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं. तिथला एक शेतकरी जमिनीच्या मोजणीसाठी कचेरीत यायचा, त्याची भाऊजींशी ओळख झाली होती. त्याला विहिरीवरचा पंप चालवायला इंजिन हवं होतं. गाडीची चाकं काढून इंजिन चौथऱ्यावर बसवायचं आणि पट्टा लावायचा, अशी त्याची योजना होती. त्यानं चौथऱ्याचा नकाशाही भाऊजींकडूनच काढून घेतला. भाऊजींनी बोल्टांच्या जागांसह तो व्यवस्थित काढून दिला. कामात हयगय करणं त्यांना जमत नसे.

त्यानंतर काही दिवस ते जेवताना बोलत नव्हते. शेवटी ताईनं एक मुदत दिली.

"संक्रांतीपर्यंत तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाले म्हणू द्या, का हे पळते म्हणून. नाही म्हटलं, तर बेसाले जाऊ द्या."

माझी साक्ष चालणार नव्हती. मी त्यांच्याकडे जेवत होतो.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं. सरकार मुंबईहून नागपुरात येतं, आणि त्याच्या बंदोबस्ताला राज्यभरातून पोलीस येतात. शाळांच्या खोल्यांत त्यांची झोपायची सोय व्हायची. सकाळी त्यांना एकेका वळणावर उभं केलं जायचं आणि आपण शहराच्या कोणत्या भागात आहोत हे ते येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारायचे. विधानभवनाच्या परिसरात वेगमर्यादेचे तात्पुरते फलक लागायचे. नागपूरकर ते वाचायचे आणि आपल्या चालीनं जायचे.

एका सकाळी मी भाऊजींच्या मागे बसून सदरकडे निघालो होतो. मी एका दैनिकात नवीन लागलो होतो आणि त्या दिवशी मला कोर्टाच्या बातम्या आणायच्या होत्या. विधानभवनाच्या अलीकडे एका शिपायानं शिट्टी वाजवली. आम्ही मागे वळून पाहिलं. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती.

तिथे रस्त्याला थोडा उतार आहे, हे नमूद केलं पाहिजे.

शिपाई साताऱ्याकडचा होता. अर्ध्या विजारीत उभा राहून त्याचे गुडघे थंडीनं काळे पडले होते. त्यानं गाडी कडेला घ्यायला लावली आणि बोर्ड दिसला नाही का म्हणून विचारलं. भाऊजींनी दिसला म्हणून सांगितलं. मग गाडी एवढी का पळवली, असं त्यानं विचारलं. भाऊजींनी इंजिन बंद केलं.

"किती होती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"स्पीड."

"पन्नास असंल."

"असंल, का होती?"

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. "होती की," तो म्हणाला. "पन्नासला कमी न्हाय."

एरवी या ठिकाणी गाडीवाला दवाखान्याचं किंवा परीक्षेचं कारण सांगतो, आणि पोलीस थोडं ऐकून घेतो. भाऊजींनी कारण सांगितलं नाही. शिपाई बहुधा थंडीला कंटाळला होता. पुन्हा असं करू नका म्हणून त्यानं जायला सांगितलं. भाऊजी गेले नाहीत. त्यांनी गुन्हा नोंदवून घ्यायची विनंती केली. शिपाई म्हणाला, राहू द्या. भाऊजी म्हणाले, राहू कसं द्यायचं, कायदा आहे. तेव्हा शिपायाचा आवाज बदलला. हा कोणा आमदाराचा माणूस आहे आणि आपली परीक्षा घेतोय, असं त्याला वाटलं असावं. त्यानं टाचा जुळवल्या आणि सगळं नीट लिहून घेतलं. वेगाच्या ठिकाणी त्यानं 'अंदाजे पन्नास' लिहिलं. अंदाजे काढून टाकता येईल का, असं भाऊजींनी विचारलं. ते काढता येणार नाही, असं तो म्हणाला.

सदरच्या चौकात भाऊजींनी गाडी मुद्दाम थांबवून हवालदाराला ही हकीकत सांगितली. हवालदारानं ती शांतपणे ऐकली.

"बाहेरचा आहे बिचारा," तो म्हणाला. "त्याले काय माहीत गा."

घरी ताईनं कागद दिव्याखाली धरून वाचला. अंदाजे काहून लिहिलं, एवढंच तिनं विचारलं. भाऊजी म्हणाले, कोर्टात शिक्षा झाली की अंदाजे राहणार नाही. ताईला हे पटलं. तारीख संक्रांतीच्या आठवड्यातच होती. कोर्टानं दोषी ठरवलं तर गाडी राहील, सोडलं तर बेसाला जाईल, असं ठरलं.

शेजारी एक वकील राहायचे. त्यांनी फी न घेता खटला लढवायची तयारी दाखवली. त्यांच्या मते खटला एका बैठकीत संपणारा होता. ही गाडी पन्नासनं पळूच शकत नाही, हे सिद्ध करायचं होतं, आणि त्याला साक्षीदारांची ददात नव्हती.

"पूर्ण मोहल्ला उभा करतो," ते म्हणाले. "पोट्टे सायकलीनं पुढे जातात, हे तेच सांगतील."

भाऊजींनी वकीलपत्रावर सही केली नाही. वकिलांना वाटलं, हा माणूस घाबरला आहे. ते त्यांना धीर देऊन गेले.

तारखेच्या दिवशी मी कोर्टात वार्ताहरांच्या बाकावर होतो. अधिवेशनातले बरेच खटले एकदम लागले होते. आरोपी रांगेनं येत होते. एकाचा ब्रेक लागला नव्हता, एकाची आई आजारी होती, एकानं तो रस्ता महाराष्ट्रात येतो का याबद्दल शंका काढली. मॅजिस्ट्रेट मान वर न करता दंड सांगत होते. भाऊजींचं नाव पुकारलं गेलं. गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं गेलं. भाऊजी कबूल म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मॅजिस्ट्रेटांनी गाडीचा नंबर वाचला आणि मान वर केली.

"हिरवी? लष्करी?"

"होय साहेब."

मॅजिस्ट्रेट म्हणाले की ती गाडी रोज सकाळी त्यांच्या मोटारीच्या पुढे असते. बाकांवर थोडी हालचाल झाली. गाडीचा काटा चालतो का, असं त्यांनी विचारलं. भाऊजी नाही म्हणाले. मग पन्नास कशावरून, असं त्यांनी विचारलं. शिपाई म्हणाला त्यावरून, असं भाऊजींनी सांगितलं. कोर्टात केलेली कबुली खरी असावी लागते, दंड भरायची हौस म्हणून करायची नसते, असं मॅजिस्ट्रेट शांतपणे म्हणाले. शिपाई त्याच्या जिल्ह्यात परत गेलेला होता. त्याचा अंदाज मोजमाप न करता केलेला होता, आणि जागा उताराची होती. तो चुकला नसेल कशावरून, असं त्यांनी विचारलं.

भाऊजींनी कठडा धरला.

"साहेब, इथले पोलीस माझ्या गाडीले हसतात. तो बाहेरचा होता, त्याले गाडी माहीत नव्हती. त्यानं फक्त पाहिलं."

मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी भाऊजींकडे बराच वेळ पाहिलं, आणि मला वाटलं ते दंड करतील. मग त्यांनी सरकारी बाजूला विचारलं, एवढ्यासाठी शिपायाला साताऱ्याहून बोलवायचं आहे का. सरकारी बाजूला ते नको होतं. कबुली नोंदवली गेली नाही. आरोपीला सोडण्यात आलं आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

मी त्याची बातमी दिली नाही. सुटलेल्या माणसाची बातमी होत नसे.

घरी भाऊजींनी काही लपवलं नाही. सोडलं, एवढंच ते म्हणाले. ताईनं ताट वाढलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बेसाचा शेतकरी बंडी घेऊन गाडी न्यायला आला. गाडी बैलांच्या मागे जाणार नाही, आपण ती चालवत आणून देऊ, असं भाऊजींनी सांगितलं. शेतकऱ्याची हरकत नव्हती. त्याच्या बायकोनं ताईला हळदीकुंकवाला बोलावलं होतं, तेव्हा ताईही निघाली. इतक्या वर्षांत ती त्या गाडीवर कधी बसली नव्हती. तिनं पदर दोनदा खोचला आणि सीटला मागे लोखंडी कडी होती ती धरली. बंडी आधीच पुढे गेली होती. वाटेत त्यांनी बंडीला गाठून मागे टाकलं, असं मला नंतर कळलं. वेगाचा पुरावा म्हणून त्याला अर्थ नाही.

पुढचं मी दोघांकडूनही ऐकलं आणि ते जुळतं. ते पोचले तेव्हा शेतकरी अर्थातच आलेला नव्हता. त्याच्या बायकोनं हळदीकुंकू केलं, वाण दिलं आणि विहीर दाखवली. चौथरा भाऊजींच्या नकाशाप्रमाणे बांधून तयार होता. चार बोल्ट सिमेंटमधून वर आले होते. भाऊजींनी खिशातून टेप काढून त्यांच्यातलं अंतर तपासलं. ते बरोबर होतं. त्यांनी तसं सांगितलं आणि टेप परत खिशात ठेवली. ताई त्यांच्याकडे पाहत उभी होती. बंडी आल्यावर तिनं शेतकऱ्याला इंजिन द्यायचं नाही म्हणून सांगितलं. शेतकऱ्यानं कारण विचारलं. आमचं कोर्टाचं अजून संपलं नाही, असं ती म्हणाली. चौथऱ्यावर पुढे ते लोक कपडे धुवायचे.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा गाडी अंगणात होती. ताईचे केस विस्कटले होते आणि ती चिडलेली होती.

"मी सारखी म्हणून राहिली होती, हळू चालवा, हळू चालवा," ती मला म्हणाली. "ऐकतच नव्हते ना गा. पोलीस काहून नाही पकडणार?"

भाऊजी मडगार्डवरची धूळ पुसत होते. ते थांबले.

"किती असंल स्पीड?" त्यांनी विचारलं.

"मले काय माहीत," ताई म्हणाली. "माझे तर डोळे बंद होते."

भाऊजींनी मान हलवली आणि मडगार्डची दुसरी बाजू पुसायला घेतली.